वीस जुलैची चौकट

वाचनालयाच्या नोरीन प्रॅटनं मान हलवून "नाही" म्हटलं आणि व्हेल्मा स्टट्झमनच्या कपाळाची शीर ताडकन उठली.

मार्लो क्रीक गावाला दीडशे वर्षं होत होती, म्हणून वाचनालय कॅलेंडर छापणार होतं. दर तारखेला एक चौकट. वर त्या दिवशी देशात काय घडलं ते, खाली त्याच दिवशी गावच्या बेसबॉल संघानं काय दिवे लावले ते. चार जुलैसाठी सहा पराक्रम आले होते. स्वातंत्र्यदिनाला सगळ्यांचीच मनगटं शिवशिवतात. आणि वीस जुलैला? त्या दिवशी माणूस चंद्रावर उतरला हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण एकोणसत्तर सालच्या त्या रविवारी, यान टेकलं त्याच मिनिटाला, दुपारी सव्वातीनच्या सुमारास, व्हेल्माच्या नवऱ्यानं, लाइलनं, हॅडली गावाविरुद्ध होमरन मारला होता, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार. जन्मात एकच. आणि नोरीन म्हणत होती, ती चौकट खालून कोरी राहणार!

"धावांची वही पुरात गेली, व्हेल्मामावशी. कागद नसेल तर स्वतःच्या डोळ्यांनी तो होमरन बघितलेला एक माणूस आणा. बायबलवर हात ठेवून सांगणारा. लाइलकाकांच्या संघातला चालणार नाही."

"एक कशाला? दहा आणते."

दहा म्हणजे तिनं कमीच सांगितले होते. तो होमरन बघितला नाही असा म्हातारा गावात औषधालाही नव्हता. ती आधी मर्ल हॉजच्या केशकर्तनालयात शिरली. मर्ल पन्नास वर्षं प्रत्येक डोक्यावर कात्री चालवताना तो होमरन सांगत आला होता.

"ऊठ मर्ल. वाचनालयात शपथ घ्यायचीय."

मर्लची कात्री हवेतच थांबली. "बायबलवर?"

"नाहीतर काय टेलिफोनच्या डिरेक्टरीवर?"

"तसं बघितलं तर... नेमका त्या वेळी मी बुटाची नाडी बांधत होतो."

"चेंडू वर गेला तेव्हा?"

"आणि खाली आला तेव्हाही. दोन बूट होते ना गं."

पेंडीच्या दुकानातला रॉस्को म्हणाला, पुढं एक लठ्ठ माणूस उभा होता. कोण, ते त्याला आठवेना. निवृत्त पाद्रीबुवा तर हात जोडून म्हणाले, "व्हेल्मा, मी तेव्हा प्रार्थनेत होतो."

"टीव्हीपुढं?"

"देव तिथंही असतो, बाई."

संध्याकाळपर्यंत अख्खं गाव उघडं पडलं. जो तो त्या दुपारी पडदे ओढून चंद्र बघत बसला होता आणि मैदानावर असल्याचं मागाहून सांगत सुटला होता. गप्पा मारायला जीभ पुरते, शपथेला छाती लागते.

"मेल्यांनो, मी आहे ना," म्हणत व्हेल्मा दुसऱ्या दिवशी लाइलला घेऊन वाचनालयात गेली. टोपी गुडघ्यावर ठेवून लाइल कोपऱ्यात बसला. नोरीननं बायबल पुढं केलं. व्हेल्मानं हात उचलला. हात पुस्तकापर्यंत गेला आणि तिथंच लोंबकळला. तिला नणंदेच्या बैठकीची खोली दिसली. तिथला नवा टीव्ही दिसला आणि त्याच्यापुढं मांडी ठोकून बसलेली अठ्ठावीस वर्षांची व्हेल्मा दिसली.

तिनं हात खाली घेतला. पन्नास वर्षांत तिची मान पहिल्यांदा खाली गेली.

"लाइल, मी नव्हते रे तिथं."

"माहितीय मला," लाइल म्हणाला. "बाकांवर फक्त एक कुत्रं होतं. ते तू नव्हतीस."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"माझ्यापेक्षा तू छान सांगायचीस."

झालं! आता ती चौकट भरल्याशिवाय तिला घास गोड लागणार नव्हता. घरी जाऊन तिनं काकडीच्या लोणच्याची बरणी उचलली, गाडी काढली आणि अकरा मैलांवरचं हॅडली गाठलं. त्या दिवशी लाइलला चेंडू टाकणारा डच केस्लर तेवढा त्या संघातला जिवंत होता. आणि हाच माणूस पन्नास वर्षं सांगत आला होता की चेंडू टप्पा पडून कुंपणाबाहेर गेला, त्याला होमरन म्हणत नाहीत.

डचनं बरणी घेतली, तिला मात्र आत घेतलं नाही.

"टप्पा पडला होता."

"नव्हता पडला."

"तू होतीस तिथं?"

"नव्हते. म्हणून तर तुझ्या दारात उभी आहे. मला काय हौस आहे?"

डचनं एक काकडी काढून चावली. "काय छापणार आहेत?"

"वर चंद्र, खाली लाइल."

"आणि चेंडू काय आपला आपण आला होता?"

व्हेल्मा त्याच्याकडं बघतच राहिली. एवढीच गोम होती तर! मार खाणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही, याचंच म्हाताऱ्याला शल्य होतं. तिनं अभिमान गिळला. तिचा अभिमान म्हणजे काही गोळी नव्हे, गिळायला वेळ लागला.

"तुझं नावही छापायला लावते. पूर्ण. आडनावासकट."

डच टोपी शोधायला आत गेला.

वाचनालयात बायबलवर हात ठेवून तो खणखणीत बोलला, "टप्पा पडला नाही. माझा सगळ्यात जोरकस चेंडू होता. तो या लाइलनं साडेचारशे फूट भिरकावला."

"शपथेवर बोलताय," नोरीन म्हणाली.

"मग चारशे वीस."

लाइल उठला आणि त्यानं डचचा हात हातात घेतला. पुरुषांना एवढंच जमतं.

नोरीन मात्र पेन्सिल चावत बसली होती. "मावशी, चौकटीत चारच ओळी मावतात. लाइलकाका, डचकाका, दोन्ही गावं आणि चारशे वीस फूट, यातच चार ओळी भरल्या. मग चंद्र कुठं घालू?"

व्हेल्मानं पर्स काखेत मारली.

"चंद्राला राहू दे. त्याला साक्षीदार पुष्कळ आहेत. आमच्या अख्ख्या गावानं बघितलाय."