झाकणाच्या मापाची भाकरी

पुसेगावच्या दगडोबांना २००६ च्या श्रावणात ‘शुगर’ निघाली आणि शालूबाईंच्या भाकरीची रीतसर चौकशी सुरू झाली.

सरकारी डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या होत्या: गोळी वेळेवर, बाहेरचं तळलेलं-गोड बंद, महिन्याला दाखवायला या. पण मुलगा भागवत पडला मास्तर. ज्या सल्ल्यात एकही आकडा नाही, तो त्याच्या लेखी सल्लाच नव्हता. त्यानं हिंगोलीच्या नेट कॅफेतून कॅलरींचा तक्ता आणला, अकरा रंगीत पानं. बारावं पान कॅफेवाल्या कुलदीपनं छापलंच नाही. त्यावर चित्र नव्हतं, नुसतीच कसलीशी सूचना होती.

तक्ता सर्वज्ञ होता. त्यात फक्त ज्वारीची भाकरी नव्हती. मिळतीजुळती म्हणून मेक्सिकोतली मक्याची पोळी सापडली. शेतकरीही नव्हता, म्हणून दगडोबांचा व्यवसाय ‘बागकाम, हलके’ असा नोंदवला गेला. नांगर, वखर आणि पाच एकर सोयाबीन त्या ‘हलके’त बसवायला कुलदीपला एक मिनिट पुरलं.

“आई, तुही भाकर लई मोठी होऊन राहिली,” भागवत म्हणाला आणि त्यानं डब्याचं झाकण पुढं केलं. “बाबांची एवढीच पायजे.”

“तिकडच्या बायांचे हात बारीक असतील रं,” शालूबाई म्हणाल्या. “माह्या हाताला हेच वळण हाय.”

“वळण बदल. हिशेब बराबर बसला पायजे.”

तीस वर्षं तवाभर भाकरी करणारी बाई झाकण ठेवून कडा कापायला शिकली. दगडोबांच्या ताटात तसल्या दोन. भागवत जुन्याच मापाच्या तीन खाई, कारण तक्ता त्याचा नव्हता. नवऱ्याहून जास्त कसं जेवायचं, म्हणून शालूबाईंनी स्वतःला झाकणाची एक ठेवली.

दगडोबा मात्र बेरकी. काढणीच्या मजुरांची चौकशी करायला म्हणून ते रोज बसस्टँडवरच्या हॉटेलात जात, आणि ती चौकशी दोन प्लेट भजी व दोन गोड चहा होईपर्यंत चाले. महिन्यानं रक्त तपासलं तर साखर वर चढलेली. तक्ता चुकणं शक्य नव्हतं. तेव्हा दोषी भाकरीच ठरली. भागवतनं दोनाची एक केली. शालूबाईंनी एकीची अर्धी केली. दगडोबांच्या भज्यांची तिसरी प्लेट सुरू झाली.

“अरं, तुहे बाबा एखांद्या दिशी वावरात पडतील की,” शालूबाईंना राहवेना.

“हलक्या कामात कोनी पडत न्हाई, आई. इथं लिहेल हाय.”

सोयाबीन काढणीच्या तिसऱ्या दिवशी भर उन्हात वावरात माणूस पडलंच. निरोप मिळताच भागवत अकरा पानं घेऊन शाळेतून धावत सुटला. वावराच्या कडेला धुऱ्यावर दगडोबा उभे होते, अगदी ठणठणीत. पडल्या होत्या शालूबाई. हातातला विळा अजून तसाच होता.

दवाखान्यात सलाईन लावताना डॉक्टरांनी विचारलं, “ह्या जेवत काय होत्या?”

भागवतनं पानं उलटीपालटी केली. “सर, हे बाबांचं हाय. आईचं... काढायचं राहून गेलं.”

“त्याला काहून इचारता, डॉक्टरसाहेब?” शालूबाई डोळे न उघडताच बोलल्या. “सांच्याला ह्यायची भाकर कोन टाकंल, ते बघा.”

भागवत शरमला आणि त्याच संध्याकाळी आईचा तक्ता काढायला हिंगोलीला गेला. कुलदीपनं व्यवसाय नोंदवला: ‘गृहिणी, बैठे काम’. बारावं पान याही वेळी छापलं नाही. ‘ही माहिती सर्वसाधारण आहे, आपल्या डॉक्टरांना विचारा,’ एवढंच त्यावर होतं.

आता भागवतला खुशाल हसा. फक्त एवढं आठवा की, शालूबाईंनी स्वतःला किती ठेवली, हे तुम्हाला वर दोनदा सांगितलं होतं. तुम्ही दगडोबांची भजी मोजत होता.