दिगंबररावांची साक्ष

दिगंबरराव नांदेडच्या आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत शिरले, की शिपाई न सांगता सगळ्या खिडक्या उघडायचा. त्यांच्या पिशवीत बातमी असायची आणि बातमीसोबत मेलेली चिमणी, मासा, नाहीतर सरडा. मी उपसंपादक. नाकाला रुमाल लावून विचारायचो, "हे कशाला आणलं?"

"पुरावा हाय, साहेब. उद्या कुणी म्हणलं, खोटं लिहून राहिला, तर?"

बिलोली तालुक्यातल्या एका खेड्यातून ते बातम्या धाडायचे. पुढाऱ्याच्या सभेला चार ओळी, ओढ्यात मेलेल्या माशांना चार पानं. गावचं तळं बुजवलं तेव्हा त्यांनी बेडकांची निधनवार्ता पाठवली होती; खाली, 'शोकाकुल : दिगंबर'. लग्न केलेलं नव्हतं. धाकटा भाऊ माधव आणि भावजय यांच्यात राहायचे. भावजयीला त्या पिशवीचा भारी राग; पण शेजाऱ्यांनी नावं ठेवली, की तीच भांडायला उठायची.

एकदा पेरणीच्या दिवसांत ते नुसताच कागद घेऊन आले. शिवारात मोर मरून पडले होते. विषात भिजवलेली ज्वारी कुणीतरी बांधाला टाकली होती. वाचता वाचता मी एका नावावर थांबलो.

"माधव? तुमचा भाऊ?"

"हाव. विषाची बाटली आमच्याच गोठ्यात घावली. इचारलं तर म्हणला, पेरलेलं उकरून खातेत, काय करू? वनखात्याला मीच कळवलंय."

"दिगंबरराव, नाव गाळू या."

"आजवर दुसऱ्यांची छापलाव की, साहेब. तवा न्हाई म्हणलाव का?" त्यांनी त्या नावावर बोट ठेवलं. "छापा."

छापलं. गुन्हा नोंदला गेला. माधवने घरात मधोमध भिंत घातली, आणि दिगंबरराव पलीकडच्या खोलीत हाताने रांधून खाऊ लागले.

साक्षीच्या तारखेला मी बिलोलीला गेलो. दोघं भाऊ एकाच एसटीने आले. माधव सगळ्यांच्या आधी उतरला, दिगंबरराव सगळ्यांच्या शेवटी. कोर्टात त्यांनी पाहिलं तेवढंच सांगितलं. वकिलाने विचारलं, "आरोपी तुमचे कोण?"

"धाकटा भाऊ," म्हणाले, आणि पाणी मागितलं.

दुपारी आवारातल्या लिंबाखाली त्यांनी डबा सोडला. दोन ताटल्या मांडल्या. "भाइरचं खाल्लं की माधवला पित्त व्हतंय," मी न विचारताच त्यांनी सांगितलं.

माधव समोरून आला. त्याने ताटल्या पाहिल्या. क्षणभर पाऊल अडखळलं, मग तो तसाच फाटकाबाहेर गेला.

दिगंबरराव बराच वेळ फाटकाकडे बघत बसले. भाजी पार गार झाली. मग दुसरी ताटली त्यांनी हळूच माझ्याकडे सरकवली.

"साहेब, तुमी जेवलाव का?"

मी स्टँडवर पोटभर जेवून आलो होतो.

"नाही," म्हणालो, आणि मांडी घालून बसलो. भाकरी एका बाजूने करपलेली, दुसऱ्या बाजूने कच्ची होती. मी दोन खाल्ल्या.