तोंडानं ठक ठक

आमच्या शेजारचे नाना कुणाचंही दार वाजवत नाहीत. उंबऱ्याबाहेर ताठ उभं राहून तोंडानंच म्हणतात, "ठक ठक!" अख्ख्या शेवगावात असा माणूस नसेल. मी विचारलं, "नाना, हाताला मेंदी लावलीय का?" तर म्हणाले, "वैनी, आवाजानं सांगून यावं. न सांगता आला, की हल्ला." माझ्या कुकरवरही त्यांचा राग. "शिट्टी व्हायच्या आदी हाळी देत जा!" आता कुकरची हाळी मी कशी देणार, सांगा!

नाना फौजेच्या बँडात ढोल वाजवायचे. आता घरात ते एकटे आणि खोळ घातलेला ढोल.

उन्हाळ्यात लेक माझ्या नातीला, गुड्डीला घेऊन आली. जावई फौजेत. सीमेजवळ त्यांच्या घराशेजारीच तोफगोळे पडले होते. पोर बोलेना. ताटली पडली तरी खाटेखाली शिरायची.

नाना आले, खाटेपुढं फरशीवर बसले. "ठक ठक." गुड्डी आणखी आत सरकली. रोज यायचे, रोज तेच. शेवटी मीच म्हणाले, "नाना, पोरगी काय दार आहे?"

"व्हय, वैनी. कडी आतून हाय." मग हळूच म्हणाले, "आफ्रिकेत शांतिसेनेत गेल्तो. लढाईतनं वाचलेली पोरं हुती. ढोल हाणला की समदी जमिनीवर आडवी. गोळी वाटायची त्यास्नी. मग मी आदी तोंडानं वाजवायचो, मग बोटानं, मग काठीनं. शेवटाला लई नाचली!"

एक दिवस खाटेखालून आवाज आला, "कोण आहे?"

नाना गडबडले. "मी... ढोल!"

गुड्डी खुदकन हसली. मे संपता संपता अंगणात हुकूम सुटायला लागले, "नाना, आता काठीनं!" एकदा नाचता नाचता तिच्याच पायानं बादली धाडकन आडवी झाली. नानांची काठी हवेतच थांबली. ती थबकली, बादलीकडं बोट करून म्हणाली, "हिनं सांगितलं नाही!" आणि पुन्हा नाचायला लागली.

जूनमध्ये जावयाची बदली झाली, मायलेकी गेल्या. बरंच झालं म्हणायचं. पण तेव्हापासून नानांची ठक ठक ऐकू येईना.

परवा धपाटे घेऊन मीच गेले. कडीला लावलेला हात मागं घेतला आणि तोंडानं म्हणाले, "ठक ठक."

आतून धावत पावलं आली. दार उघडलं. नानांनी आधी खाली बघितलं, गुड्डीच्या उंचीला. मग सावकाश मान वर केली.

"या, वैनी," म्हणाले.