दगडूसरांचा शेवटचा न्यूट्रॉन

पंगतीत वाढपी वरण घेऊन आला की आमचे दगडूसर ताटावर हात आडवा धरतात. "थांब भो, न्यूट्रॉन वाही जाई!"

ताटात दोन बट्ट्या, म्हणजे दोन केंद्रकं, आणि एकीपासून लांब एक शेंगदाणा, तो न्यूट्रॉन. सर शहाद्याच्या कॉलेजातून भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण त्यांचं शिकवणं काही निवृत्त झालं नाही. म्हणे, काही अणूंच्या केंद्रकात न्यूट्रॉन जरा जास्तच असतात. त्यातला शेवटचा नावालाच घरचा, सदा अंगणात हिंडणारा. दुसरं केंद्रक जवळून गेलं की हा त्याच्याकडे निघून जातो. तो जाण्याची शक्यता किती, याचं गणित सर वर्षानुवर्षं ओट्यावर बसून करताहेत. प्रयोग परदेशात होतात. "आपले यंत्र काय करनं शे? डोकं शे ना!"

गल्लीत हे ऐकलं नाही असा माणूस उरला नाही. केळीवाला तर सर दिसले की हातगाडीच वळवतो.

सरांची पत्नी वारल्यापासून घरात सर आणि एकुलती लेक सुमन, दोघंच. गेल्या वर्षी सुमन लग्न होऊन सुरतेला गेली. पाठवणीला सगळा मांडव रडत होता आणि सर जावयाला कोपऱ्यात घेऊन सांगत होते, "तुम्ही म्हणजे न्यूट्रॉन स्वीकारणारं केंद्रक." मला भयंकर राग आला होता. बाप आहे की फळा?

परवा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली. आमच्याकडे आखाजीला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झोके खेळतात. आणायला भाऊ मुराळी होऊन जातो. सुमनला भाऊ नाही, आणि सर तर विषयच काढेनात. शेवटी शेजारी म्हणून मीच त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"प्रयोगवालासनं उत्तर येगळं, मन्हं येगळं," सर म्हणाले. "आते चूक सापडनी."

"कोणती?"

"न्यूट्रॉन गया की मांगे ऱ्हायेल केंद्रकले धक्का बसस. तो मी गणितमा धरेलच नव्हता."

आता बट्ट्या निघणार म्हणून मी सावरून बसलो. पण त्यांच्या पायाशी झोक्याचा नवाकोरा दोर पडला होता.

"भाऊ," ते खाली बघत म्हणाले, "तुम्ही जाशात का सुरतले, मुराळी बनीसन?"

मी उद्याच्याच गाडीने निघतो म्हटलं. तेव्हा कुठे सर उठले, अंगणातल्या निंबाला दोर बांधला, आणि गाठ सुटत नाही ना, हे कितीतरी वेळ ओढून ओढून पाहत राहिले.