पप्पांचे आकडे आणि माझी परीक्षा

संख्याशास्त्राला लोक उगाच घाबरतात, असं मी त्या हिवाळ्यात कारखानाभर सांगत फिरत होते. अहो, पंचवीस वर्षं टोलेडोतल्या केचपच्या कारखान्यात माल रवाना करते मी. बर्फ पडला की किती ट्रक वेळेवर पोचतील, शंभरातल्या किती बाटल्या फुटतील, हे मला खिडकीबाहेर नुसतं बघून सांगता येतं. त्यालाच विद्यापीठात ग्रीक अक्षरं लावतात, एवढाच काय तो फरक. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकायला बसणाऱ्या बाईला असला माज लागतोच. नाहीतर ती बसणारच नाही.

बसायचं कारण होतं प्रुइट. म्हणजे आमचे कारखान्याचे व्यवस्थापक. आमचा खातेप्रमुख निवृत्त झाल्यापासून त्याचं काम मीच करत होते, फक्त दारावर माझं नाव नव्हतं. एकदा प्रुइटनी मला बोलावलं आणि स्वतःच्या नखांकडे बघत म्हणाले, "डोरीन, जागा आता कायमची भरायची आहे. पण वरून नियम आलाय. पदव्युत्तर शिक्षण हवं. निदान त्यातले पहिले दोन विषय एप्रिलअखेर पूर्ण असले पाहिजेत."

"काम तर मीच करतेय ना?"

"काम करतेस गं. पण कागदावर काय दाखवायचं?"

मग मी घरबसल्या व्यवस्थापनाची पदवी देणाऱ्या एका विद्यापीठात नाव घातलं. पहिला विषय सहज सुटला. दुसरा संख्याशास्त्र. शिकवायला डॉ. व्हिटलॉक, तेही चित्रफितीतून. ती बरीच जुनी असावी. तिच्यात त्यांच्या डोक्यावर दाट केस होते आणि मागे भिंतीवर बारा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. त्यांना मी स्वयंपाकघरात ऐकायची, गाडीत ऐकायची, बर्फ उपसताना कानात घालून ऐकायची. नवऱ्याचं इतकं ऐकलं असतं तर तो अजून घरात असता.

घरात मी आणि पप्पा. पप्पा म्हणजे एमिल नागी, वय ब्याऐंशी. काचेच्या कारखान्यात भट्टीशेजारी आयुष्य गेलं, तिथल्या गोंगाटात कानही गेले. पण आवाज असा की तीन घरं पलीकडची कुत्री उठून बसतात. त्या आवाजावर त्यांना चर्चच्या हॉलमध्ये एक मानाचं काम मिळालं होतं: दर गुरुवारच्या बिंगोत आकडे पुकारायचं. आपला हाउजी हो, फक्त इथे आकड्याच्या आधी रकान्याचं अक्षरही पुकारतात. बी, आय, एन, जी, ओ. पंधरापर्यंतचे सगळे आकडे बीमध्ये. "जी बावन्न", "बी चार" असं चालतं.

त्या वर्षी ईस्टरचा मोठा बिंगो होता आणि त्याच्या तोंडावर पप्पांना नवी कवळी बसली. नव्या कवळीतून "बी"ची शिट्टी व्हायला लागली. हॉलमधल्या बायका हसल्या. पप्पा हसले नाहीत. ते घरी सराव करायला लागले, न्हाणीघरातल्या आरशासमोर, मांडीवर बिंगोचे आकड्यांचे चेंडू ज्यात घोळवतात तो तारेचा पिंजरा घेऊन.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "पप्पा, उद्या सकाळी दहाला माझी परीक्षा आहे. बारा वाजेपर्यंत."

"जा, जा. यश येईल," पप्पा म्हणाले. "नीट जा. रस्त्यावर बर्फ आहे."

हे "जा" मी मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं. पप्पांच्या मते परीक्षा म्हणजे माणूस अंगावर कोट चढवतो, घराबाहेर पडतो आणि एखाद्या मोठ्या इमारतीत जाऊन बसतो. त्यात माझी गाडी दुरुस्तीला गेली होती. सकाळी उठून त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. दारात गाडी नाही. म्हणजे मुलगी गेली, घर रिकामं. आता कोणाला त्रास व्हायचा नाही.

मी होते न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीत. भिंत पुठ्ठ्यासारखी. समोर संगणक, त्यावर परीक्षेचा पहारेकरी. माणूस नाही, प्रोग्रॅम. तो कॅमेऱ्यातून बघतो, माइकमधून ऐकतो आणि सुरुवातीलाच तंबी देतो: खुर्चीवरून उठलात तर परीक्षा संपली, बोललात तर परीक्षा संपली, सारखं इकडेतिकडे बघितलंत तर नोंद होईल. मी हातपाय धुऊन, केस बांधून, देवाचं नाव घेऊन सुरुवात केली.

तिसऱ्या प्रश्नावर होते. भिंतीपलीकडे पिंजरा खुळखुळला.

"जी बावन्न!"

मी गोठले. उठता येईना, ओरडता येईना. मी नुसतं भिंतीकडे डोळे वटारून बघितलं. पडद्याच्या कोपऱ्यात लगेच एक पिवळं निशाण आलं: नजर हलली.

"बी तीन!" शिट्टी वाजली. पप्पांनी स्वतःलाच सुधारलं. "ब्बी. ब्बी तीन!"

मी ओठांतल्या ओठांत "पप्पा, गप्प बसा" म्हटलं. दुसरं निशाण: ओठ हलले. मग मी शहाणपणाने प्रश्नात मान घातली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी ए, बी, सी, डी या पर्यायांतून आधीच बी काढलं होतं, ते तसंच ठेवलं. "ओ एकाहत्तर" झालं, "बी सात" झालं, "आय बावीस" झालं. मी गणितं करत होते, पलीकडे पप्पा रंगात आले होते. सातव्याचं उत्तरही बीच आलं. तेव्हा माझ्या काही लक्षात आलं नाही. माणूस घामाने भिजलेला असताना असल्या गोष्टी लक्षात येत नसतात.

घोळ झाला बाराव्या प्रश्नाने. त्याला मी सी लिहून पुढे गेले होते. एवढ्यात पलीकडून "ब्बी बारा!" असं खणखणीत आलं, एकही शिट्टी नाही. आनंदाने पप्पांनी ते दोनदा म्हटलं. माझी नजर आपोआप बाराव्या प्रश्नावर गेली. बघते तो काय, वर्गमूळ काढायचंच राहिलं होतं. ते काढलं. उत्तर बी आलं. मी सी खोडून बी केलं.

आता तुम्हीच सांगा, चूक दिसल्यावर ती तशीच ठेवायची?

बाराला परीक्षा संपली. मी दार उघडलं तर समोर पप्पा, हातात पिंजरा. ते इतके दचकले की चेंडू जिन्यावरून खाली घरंगळत गेले.

"अगं, तू परत कधी आलीस?"

आम्ही दोघांनी मिळून चेंडू गोळा केले.

आठवड्याभरात विद्यापीठाकडून कळलं की माझा निकाल रोखला आहे. परीक्षेच्या वेळी "अनोळखी पुरुषाच्या आवाजात उत्तरं सांगितली गेल्याचा" संशय आहे, चौकशी होईल. सोबत पुरावा म्हणून ध्वनिफीत आणि उत्तरांची यादी. मी फीत लावली. त्या फितीत पप्पांचा आवाज जरा घोगरा, कटकारस्थानी वाटत होता. बी पाच वेळा आला होता: तीन, सात, नऊ, बारा, चौदा. त्यातला नववा सोडला तर चारही प्रश्नांची बरोबर उत्तरं बी. बाराव्याच्या पुढे तर लाल गोल होता. आवाज, आणि पाठोपाठ माझी खाडाखोड.

चौकशीही संगणकावरच. एका चौकटीत ऑस्ट्रँडर बाई, विद्यापीठाच्या शिस्त समितीच्या. दुसरीत डॉ. व्हिटलॉक. केस सगळे गेलेले, मी आधी ओळखलंच नाही. आणि तिसरीत मी आणि पप्पा. पप्पांनी टाय घातला होता. विद्यापीठ आपल्याला काहीतरी विचारणार, एवढंच त्यांना कळलं होतं.

"श्रीयुत नागी," ऑस्ट्रँडर बाई म्हणाल्या, "त्या सकाळी तुम्ही आकडे सांगत होता?"

"अं?"

"आकडे. सांगत होता का?"

"वीस वर्षं सांगतोय," पप्पा म्हणाले. "सगळं गाव माझ्याच आकड्यांवर जिंकतं."

"पप्पा, त्यांना बिंगोचं सांगा," मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं.

"कृपया साक्षीदाराला सुचवू नका," बाई म्हणाल्या. "श्रीयुत नागी, तुमच्या मुलीनेही जिंकावं असं तुम्हाला वाटत होतं का?"

"म्हणजे काय? बाप आहे मी तिचा. तिच्यासाठी जेवढं होईल तेवढं करतो."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मी पप्पांना बाजूला सरकवलं आणि सगळं सांगितलं: बिंगो, कवळी, गाडी, वर्गमूळ. खरी गोष्ट अशी तोंडाने सांगायला लागलं की किती खोटी वाटते ते तेव्हा कळलं. शेवटी मी म्हटलं, "हा निव्वळ योगायोग आहे."

व्हिटलॉक पहिल्यांदाच बोलले. आवाज अगदी चित्रफितीतलाच, प्रेमळ. "बरं. योगायोग आहे असं गृहीत धरू. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. पाचांतले चार जुळण्याची शक्यता किती?"

आता मला हे येत होतं. हाडामांसात मुरलं होतं. मला वाटलं, बघू देत, या बाईला चोरी करायची गरजच नाही. मी तिथल्या तिथे कागदावर मांडून दाखवलं. "चार किंवा पाच जुळण्याची शक्यता चौसष्टात एक."

"अगदी बरोबर. म्हणजे शेकडा?"

"दीडच्या आसपास."

"आणि योगायोग कुठपर्यंत मानायचा, ती रेघ आपण कुठे मारतो?"

"शेकडा पाचवर."

"मग दीड आलं की गृहीतकाचं काय करायचं?"

"फेटाळायचं," मी म्हटलं.

म्हटल्यावर मी काय बोलले ते माझं मलाच ऐकू आलं. पप्पांनी माझी पाठ थोपटली. मुलीने उत्तर भराभर दिलं एवढं त्यांना दिसलं होतं.

विषयात नापास, आणि नावापुढे गैरप्रकाराचा शेरा. मी प्रुइटना सांगितलं की अपील करते आहे, थोडा वेळ द्या. ते म्हणाले, "बघतो."

उत्तर सापडलं भांडी घासताना. चार पर्यायांना सारखीच संधी, हे मी धरून चालले होते. कोणी सांगितलं? हात पुसून मी उत्तरांची यादी काढली. पहिल्या पंधरा प्रश्नांत बरोबर उत्तर बी असलेले प्रश्न नऊ. माणूस स्वतःच्या हाताने प्रश्नपत्रिका काढतो तेव्हा बरोबर उत्तर कडेला ठेवायला त्याचा हात धजत नाही, मधे कुठेतरी दडवतो. व्हिटलॉकांनी बहुतेक सगळी एकाच जागी दडवली होती. असल्या यादीसमोर कोणीही पाचदा बी ओरडला तरी दहात तीनदा चार जुळतील. मी ते मांडलं, चर्चकडून पप्पांच्या वीस वर्षांच्या सेवेचा दाखला जोडला आणि पाठवून दिलं.

मे महिना निम्मा सरल्यावर उत्तर आलं. शेरा रद्द, निकाल जाहीर, वर्गात सर्वांत जास्त गुण. खाली व्हिटलॉकांची एक ओळ: "तुमच्या निरीक्षणाची नोंद घेतली आहे." बहुधा चित्रफीत जुनी राहिली तरी प्रश्नपत्रिका आता नवी करणार असतील.

मी ते घेऊन प्रुइटकडे गेले. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, हे कबूल करायला हवं.

"छान, डोरीन. अभिमान वाटतो. पण जागा एप्रिलअखेर भरावी लागली. गॅरेटला दिली."

गॅरेट सत्तावीस वर्षांचा. पावती कशी फाडायची इथपासून त्याला मी शिकवलेलं.

"त्याच्याकडे कुठे पदवी आहे?"

"नाही. पण वरच्यांनी नियम जरा सैल केला. शिक्षण नसेल तर समकक्ष अनुभव चालेल, असं."

"अनुभव माझा पंचवीस वर्षांचा आहे."

प्रुइटनी पुन्हा नखं बघितली. "हो गं. पण तू शिक्षणाच्या रकान्यातून अर्ज केला होतास. मधेच रकाना बदलता येत नाही."

घरी आले तेव्हा पप्पा अंगणात शेजारच्या म्हाताऱ्याशी बोलत उभे होते. विद्यापीठाने आपल्याला खास कसं बोलावलं, आकड्यांविषयी कसं विचारलं, आणि आपण काय सांगितलं, हे चालू होतं. आता ते सगळ्या चर्चला ठाऊक आहे. झाल्या प्रकाराशी त्यांच्या आकड्यांचा काही संबंध होता, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. मला बढती मिळाली नाही याचं त्यांनी एकच कारण काढलंय, ते म्हणजे प्रुइट बाप्टिस्ट आहे, आपल्या चर्चचा नाही.

परवा गॅरेट माझ्या टेबलाशी आला. हातात वरून आलेला तक्ता, चेहरा पडलेला.

"डोरीन, तू ते संख्याशास्त्र केलंयस ना? हे स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे नक्की काय? दर महिन्याला पाठवायचंय म्हणे."

मी काम बाजूला सारलं, त्याला खुर्ची दिली आणि फुटलेल्या बाटल्यांचा हिशोब घेऊन पहिल्यापासून समजावून सांगितलं. त्याने मधेच दोन शंका विचारल्या, दोन्ही रास्त होत्या. पोरगा हुशार आहे हो. मला जे समजायला तीन आठवडे लागले होते, ते त्याला जेवणाच्या सुट्टीआधीच आलं.