गाईडची चौकशी

चौकशी करावी ती सावद्याच्या चुडामण नानांनीच! असं सगळं सावदा म्हणायचं की नाही ते ठाऊक नाही, पण नाना स्वतः मात्र रोज म्हणायचे. नाना केळीचे व्यापारी; घ्यायची बाग असो नाहीतर भाचीचं स्थळ, त्यांची पारख आजवर चुकलेली नव्हती. (बोदवडच्या बागेचा विषय त्यांच्या घरात कुणी काढत नाही, तेव्हा आपणही काढायला नको.) नानांची रीत पक्की होती. बाग बघायची तर रस्त्याकडची ओळ बघायचीच नाही, ती मालकाने तुमच्यासाठीच नटवून ठेवलेली असते. सरळ आत घुसायचं. आणि स्थळ बघायचं तर त्या घरी आधी पाऊल टाकायचं नाही. आधी किराणा दुकान, मग पिठाची गिरणी आणि शेवटी शेजारीण. शेजारणीने चहा टाकला की अर्धं काम फत्ते!

अशा माणसाच्या मुलीला इतिहासात पीएचडी करायची होती.

नूतनने प्रवेश परीक्षा केव्हाच पास केली होती. आता प्रश्न होता कुठे करायची. परराज्यातल्या एका खाजगी विद्यापीठाचा माणूस रोज फोन करून म्हणायचा, "मॅडम, तीन वर्षांत डॉक्टर! यायचीसुद्धा गरज नाही!" त्याने सांगितलेल्या फीमध्ये एक बरा ट्रॅक्टर आला असता.

"न जाता पीएचडी?" नाना म्हणाले. "फोटो पाहून घड घेतो का भो आपण?"

नूतनलाही तिथे जायचं नव्हतंच. तिने धुळ्याच्या एका कॉलेजचं संशोधन केंद्र हेरून ठेवलं होतं. फी आवाक्यातली, जुनी कागदपत्रं धुळ्यातच, आणि गाईड बोरसे मॅडम! खानदेशातल्या जुन्या बाजारपेठांवर त्यांचा मोठा अभ्यास. नूतनचा विषयही तसाच होता: सावद्याच्या स्टेशनावरून रेल्वेने जाणारी केळी आणि त्यावर उभी राहिलेली गावं. अडचण एकच. मॅडमकडे जागा एक आणि उमेदवार तीन.

"मी एकदा चौकशी करून येतो," नानांनी जाहीर केलं.

"नाना, नाही! मी सगळी केलीये. ग्रंथालय बघून आले, जुन्या विद्यार्थ्यांशी बोलले."

"ती झाली रस्त्याकडची ओळ. पाच वर्षं पोरगी ज्या बाईच्या हाताखाली राहीन, तिचा सभाव नको पाह्यले?"

"तुम्ही मॅडमच्या घरी जायचं नाही. माझी शपथ आहे!"

नानांनी शपथ घेतली. आणि ती पाळलीही. ते मॅडमच्या घरी गेले नाहीत, मॅडमच्या शेजारी गेले.

त्यासाठी नूतन मॅडमकडे मुलाखतीला धुळ्याला गेली तोच दिवस त्यांनी निवडला. मॅडम कॉलेजात, नूतन त्यांच्यासमोर, म्हणजे गल्ली मोकळी! सोबत घेतलं मोतीलालला. मोतीलाल म्हणजे नानांचा लहानपणापासूनचा मित्र, केळीचे ट्रक भरून देणारा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बंगळुरूला. त्या संध्याकाळी त्याला पारोळ्याला एका लग्नाला जायचं होतं, म्हणून गडी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, नवी कोल्हापुरी आणि आदल्याच दिवशी काळेभोर केलेले केस अशा थाटात निघाला. परक्या गावात रिकाम्या हाती जायचं नाही, म्हणून गाडीत केळीचा एक अख्खा घड आणि पेढ्यांचा पुडा घेतला. हे सगळं नानांना अगदी साधं वाटलं. कुणालाही वाटलं असतं, फक्त धुळ्यात देवपूरला मॅडम राहायच्या त्या गल्लीला वाटलं नाही.

किराणा दुकानात नाना म्हणाले, "ह्या बोरसे मॅडम कशा आहेत हो वागायला?"

दुकानदाराने नानांकडे पाहिलं, मग मोतीलालच्या केसांकडे पाहिलं. "एक नंबर! उशीर केलात पण चांगलं केलंत," तो म्हणाला आणि पैसे न घेता दोन थंडगार सोडे दिले.

"पाह्यलं?" नाना बाहेर येऊन म्हणाले. "बाईचं नाव काढलं की लोक सोडा पाजतात!"

गिरणीवाल्याने तर गिरणीच बंद केली. मॅडमनी धाकट्या भावांची शिक्षणं केली, त्यात स्वतःच्या लग्नाचं राहूनच गेलं, हे त्याने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. नानांच्याही डोळ्यांत पाणी आलं. इतकी मायाळू बाई पोरीला जीव लावणारच!

मग शेजारीण. भिकुबाई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. मॅडमचं नाव ऐकताच ती मेथीसकट उठली.

"बसा ना भाऊ, बसा! व माय, कितला वरीसनी वाट देखी आम्ही!"

नाना खूश झाले. पीएचडीच्या विद्यार्थ्यांची एवढी टंचाई असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"सभाव कसा आहे मॅडमचा? रागीट?"

"तोंडनी तिखट शे, पन मनमा काही नही. आख्खी गल्ली सांगी तुमले!" मग भिकुबाई मोतीलालकडे वळली. "तुमले पोरे कितला?"

"एकच मुलगा," मोतीलाल म्हणाला. विचारलं की उत्तर द्यायचं, असा त्याचा सरळ स्वभाव. "बंगळुरूला असतो."

"घर सोतानं?"

"हो. दोन मजली."

"दारूबिरू?"

"छे!"

आपल्याऐवजी मोतीलालची का चौकशी होतेय, हा प्रश्न नानांच्या मनात आला होता. पण तेवढ्यात भिकुबाईने चहा टाकायला सांगितला, आणि चहा टाकला की अर्धं काम फत्ते, या आनंदात तो विरून गेला. चहापाठोपाठ पोहे आले. पोह्यांपाठोपाठ गल्लीतल्या बायका आल्या. एकीने दोघांनाही कुंकवाचा टिळा लावला आणि मोतीलालला जरा मोठा लावला. आत भिकुबाई फोनवर ओरडत होती, "मॅडम, कॉलेज ऱ्हाऊ द्या, लवकर घर या!"

थोड्याच वेळात स्कूटी आली. पुढे बोरसे मॅडम, मागे नूतन! मॅडम तिला एक पुस्तक द्यायला घरी घेऊन येत होत्या. नूतनने ओट्यावर पाहिलं. टिळा लावलेला बाप. शेजारी नवरदेवासारखे मोतीलाल काका. मध्ये केळीचा घड. ती स्कूटीवरून उतरायचंच विसरली.

"मॅडम," भिकुबाईने लाजत सांगून टाकलं, "हाऊ पाव्हना लगीनसाठे तुमले देखाले वना!"

मोतीलाल ताडकन उठला. पोह्यांची बशी खाली गेली. "चुडामण! तू तर म्हने गाईड पाह्यचा हाये!"

आता कुठे नानांच्या डोक्यात उजेड पडला, आणि त्या उजेडात त्यांना आधी दिसला तो नूतनचा चेहरा. तो रागावलेला नव्हता, नुसता पांढरा पडला होता. पोरीने केलेली सगळी मेहनत आपण एका बशी पोह्यात घालवली!

"मॅडम, मी नूतनचा बाप," ते हात जोडून उभे राहिले. "ह्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. पोरगी कुणाच्या हाताखाली जाणार ते बघायला आलो होतो. चुकलं माझं."

बोरसे मॅडमनी गाडी शांतपणे स्टँडवर लावली. "मग? काय कळलं?"

"तोंडाने तिखट, मनाने स्वच्छ. भावांना शिकवलंत. गल्लीत वैरी कुणी नाही."

"कॉलेज तपासायला समिती आली होती, तिलाही एवढं सापडलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "आता माझं ऐका. चौकशी मीही केली. माझी मावसबहीण तुमच्या शेजारी फैजपूरला असते. मुलगी हुशार आहे, कष्टाळू आहे. फक्त एक गोष्ट कळली."

"काय?"

"बाप प्रत्येक गोष्टीत नाक खुपसतो."

मोतीलाल एकदम घडातली केळी बघू लागला. नूतनने डोळे मिटून घेतले.

"माझ्या दोन चांगल्या मुली घरच्यांमुळे अर्ध्यावर सोडून गेल्या," मॅडम म्हणाल्या, आणि आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "म्हणून मी आधी घर विचारते."

"मी पुन्हा धुळ्यात पाय ठेवणार नाही," नाना म्हणाले. "पण माझ्यापायी तिची जागा घालवू नका. तिच्यात खोट नाही हो काही."

"अर्ध्यावर सोडायला लावणारा बाप चौकशीला येत नाही," मॅडम म्हणाल्या. "मुलाखतीत ती पहिली आहे, जागा तिचीच. एक अट. तिच्या विषयात तुम्ही स्वतःच इतिहासाचं एक साधन आहात. स्टेशनावरचा केळीचा व्यवहार तुम्ही पाहिलाय. ती प्रश्न विचारेल, तुम्ही उत्तर द्यायचं. विचारलं तेवढंच! आणि नूतन, एका साधनावर कधी विसंबायचं नाही. दुसऱ्याकडून पडताळून घ्यायचं."

परतीच्या वाटेवर नूतन पारोळ्यापर्यंत मॅडमनी दिलेल्या पुस्तकात डोकं घालून बसली. पारोळ्याला मोतीलाल लग्नासाठी उतरला आणि दार लावता लावता हळूच म्हणाला, "पोहे चांगले होते पन, चुडामण." तेव्हा मात्र तिला हसू फुटलं, आणि मग थांबेना.

पुढच्या रविवारी सावद्याच्या घरी नूतनने मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. नाना नवा सदरा घालून बसले. गल्लीत दोन दिवस सांगून झालं होतं की आपण आता साधन आहोत!

"नाना, व्यापारात तुमचा अंदाज कधी चुकला का?"

"एकदाही नाही!" नाना माईकपाशी तोंड नेऊन म्हणाले. "लिही. चुडामणची पारख..."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. पदराला हात पुसत नूतनची आई धुरपदाबाई बाहेर आली, पाट ओढून मोबाईलसमोर ऐसपैस बसली.

"बंद करू नको वं नूतन," ती म्हणाली. "मी दुसरं साधन. घे, बोदवडच्या बागेपासून सांगते."