आजूबाजूला काही नाही

"'शांत घर. जाड दगडी भिंती. आजूबाजूला काही नाही.'" रेजिस वातिएने जाहिरात मोठ्याने वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "काही नाही म्हणजे नेमकं काय नाही?"

"काही नाही म्हणजे काही नाही," ओदिल म्हणाली. ती स्वयंपाकघरात समोरच्या खुर्चीवर पाय टाकून बसली होती. "तेच तर हवंय मला. घेऊन टाक."

"घेऊन टाक म्हणे! अगं, ‘काही नाही’ असं लिहितात ना, तिथं नेमका डुकरांचा फार्म असतो. वाऱ्याच्या दिशेला."

"रेजिस, तू त्या घरमालकिणीला छळायचं नाहीस. एक फोन करायचा, ऑगस्टचं विचारायचं, नाव सांगायचं, ठेवून द्यायचा."

रेजिस एका विमा कंपनीत दाव्यांचा तपासनीस होता आणि निवृत्त झाला तरी तपास काही त्याच्यातून निवृत्त झाला नव्हता. जळालेली कोठारं, नदीत आपोआप उतरलेल्या मोटारी, चोरीला गेलेले आणि नंतर मावशीच्या बोटात सापडलेले हिरे, असं बघता बघता त्याचं आयुष्य गेलं. शेजाऱ्याने सकाळी हसून ‘बोंझूर’ केलं तरी हा दिवसभर विचार करायचा की याचं काय अडलंय.

ओदिलचं उत्तर फ्रान्समधल्या बेत्यूनमध्ये केस कापायचं दुकान होतं. ते तिने या ईस्टरला विकलं. लग्नानंतरची प्रत्येक सुट्टी त्यांनी समुद्रकाठी तिच्या भावाच्या कॅराव्हॅनमध्ये काढली होती. म्हणजे भाऊ, भावजय आणि पोरं पाण्यात, आणि ओदिल सगळ्यांसाठी बटाटे तळतेय. संध्याकाळी सगळ्यांचे केसही कापतेय, फुकट. दुकानाची किल्ली दिली त्या दिवशी ती घरी येऊन म्हणाली होती, "या वर्षी मला कुठंतरी खेड्यात जायचंय. काही करायचं नाही. नुसतं बसायचं." हे बोलताना तिचा आवाज असा काही चिरकला की रेजिसला त्यावर विनोद सुचला नाही. ही सुट्टी बिघडता कामा नये, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं. आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

कारण ओदिल बाजारात गेल्याबरोबर त्याने घरमालकिणीला फोन लावला. मादाम देल्पेरू, गाव साँ-व्हेराल, मुक्काम कांतालच्या डोंगरात.

"मादाम, भिंती जाड आहेत म्हणता. आतला आवाज बाहेर जातो का?"

"नाही जात."

"मोठ्यानं ओरडलं तरी?"

"...नाही."

"जवळ कुणी राहतं? रात्री कुणी येतं-जातं?"

"नाही हो. लिहिलंय ना, आजूबाजूला काही नाही."

"छान. मागे विहीर दिसतेय फोटोत. खोल आहे का?"

"आहे खोल."

"आणि मागची माती? मऊ आहे का कडक?"

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही सुट्टीलाच येताय ना, मस्यू?"

"अर्थात! वातिए, बेत्यूनहून. मी आणि बायको. आणि हो, मी हे सगळं विचारलं ते तिला कळता कामा नये. फार वाईट होईल."

फोन ठेवला आणि रेजिसच्या मनात पाल चुकचुकली. बाई अडखळत होती. विहिरीशी तिचा आवाज बदलला आणि मातीशी पार बसला. त्याच्या अनुभवात असा आवाज फक्त स्वतःचं कोठार स्वतः पेटवणाऱ्यांचा असायचा. इथं कुठंतरी पाणी मुरत होतं. छतात किंवा तळघरात.

पुढच्याच आठवड्यात, जुन्या सहकाऱ्याच्या निरोपसमारंभाला राँसला जातो, एक रात्र राहून येतो, असं ओदिलला सांगून तो पहाटे मोटारीत बसला आणि निम्मा फ्रान्स ओलांडून दुपारी साँ-व्हेरालला पोहोचला.

गावात एक चर्च, एक बेकरी, एक कॅफे. कॅफेत तिघे शेतकरी पत्ते खेळत होते आणि काउंटरमागे एक दणकट बाई पेले पुसत होती. रेजिसने कॉफी मागितली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते वरच्या रस्त्याचं दगडी घर... त्याची काही भानगड वगैरे?"

पत्ते थांबले.

"तुम्ही उत्तरेकडचे का?" बाईने विचारलं.

"हो."

"बेत्यूनचे?"

रेजिसचे कान उभे राहिले. गाडीच्या पाटीवर जिल्ह्याचा आकडा असतो, गावाचं नाव नसतं. "तुम्हाला कसं कळलं?"

"वाटलं आपलं." बाईने शेतकऱ्यांकडे पाहिलं, शेतकऱ्यांनी बाईकडे. "एकटेच आलात?"

"एकटाच."

"आणि बायको?"

रेजिसने ठरवलं की या लोकांना जरा विश्वासात घ्यावं, म्हणजे ते घराचं खरं काय ते बोलतील. तो पुढे झुकला आणि डोळा मिचकावून म्हणाला, "तिला पत्ताच नाही मी इथं आलोय त्याचा."

बाईच्या हातातला पेला खाली पडून फुटला. एक शेतकरी उठला आणि कोट न घालताच बाहेर गेला. अख्खं गाव सामील आहे, रेजिसने मनात नोंद केली. छत नक्की गळतंय.

घर मात्र फोटोसारखंच होतं. निळ्या झडपा, दारावर द्राक्षाचा वेल. मालकीणबाई चर्चजवळ राहत, घर रिकामं होतं. रेजिसने भिंतीला कान लावला, गटाराचं झाकण हुंगलं, छत्रीच्या टोकाने मागची माती ठिकठिकाणी टोचून पाहिली. मग विहिरीचं झाकण सरकवून आत दगड टाकला आणि कान देऊन ऐकत राहिला.

"किती खोल आहे, कळलं का?" पाठीमागून आवाज आला.

रबरी बूट घातलेला एक धिप्पाड माणूस मागे उभा होता. पलीकडे रस्त्यावर त्याचा ट्रॅक्टर रेजिसच्या मोटारीला अगदी चिकटून उभा केलेला होता.

"पुरेशी आहे," रेजिस समाधानाने म्हणाला.

"मी फूर्निआल. या गावचा सरपंच." त्याने हात पुढे केला नाही. "इथं काय चाललंय?"

"सुट्टीची तयारी."

"घर ठरवलंय?"

"अजून नाही."

"मालकिणीला विचारून आलात?"

"नाही."

"बायकोला?"

"आता तिला कशाला..."

"वा!" सरपंच म्हणाला. "म्हणजे सुट्टी दोघांची आणि माहीत एकट्याला. फोन लावा बायकोला."

"ते शक्य नाही."

"का? उचलायच्या स्थितीत नाहीत का त्या?"

या प्रश्नाचा रोख रेजिसला कळला नाही, पण सरपंचाच्या हाताची रुंदी कळली. त्याने नंबर लावला. सरपंचाने फोन हिसकावून घेतला.

"मादाम वातिए? तुम्ही जिवंत... तुम्ही बऱ्या आहात ना?"

"कोण बोलतंय?"

"मी साँ-व्हेरालचा सरपंच. तुमचे यजमान इथं आहेत."

"काहीतरीच काय! तो राँसला गेलाय."

"टक्कल आहे. चष्मा दोरीला बांधलाय. दुसऱ्याचं बोलणं ऐकताना एक डोळा बारीक करतो."

पलीकडून बर्फासारख्या आवाजात, "तो कुणाकडे आलाय तिथं?"

"मादाम देल्पेरूंच्या घरामागे सापडला. एकट्या असतात त्या बिचाऱ्या."

"अस्सं. एकट्या असतात."

"मादाम, माझं ऐका," सरपंच कळवळून म्हणाला. "काही झालं तरी तुम्ही इकडे येऊ नका! ते बोलावतील, गोड बोलतील, पण यायचं नाही!"

"उद्या पहिल्या गाडीनं पोहोचते मी," ओदिल म्हणाली. "तोवर त्याला सोडू नका." आणि फोन आपटल्याचा आवाज आला.

"अहो, झालंय तरी काय तुम्हा सगळ्यांना?" रेजिस ओरडला.

"ओरडा, ओरडा. आवाज बाहेर जात नाही ना इथला!" सरपंचाचा चेहरा लाल झाला. "मादाम देल्पेरूंनी त्याच दिवशी सगळ्या गावाला सांगितलंय. भिंतींतून ओरडणं ऐकू येतं का! विहीर खोल आहे का! माती मऊ आहे का! आणि बायकोला कळू देऊ नका!"

आपलेच प्रश्न रेजिसने मनात एकापुढे एक मांडून पाहिले. असलं प्रकरण त्याच्या टेबलावर आलं असतं तर त्यानेच आधी पोलिसांना कळवलं असतं.

"पोलिसांनाही विचारलं मी," सरपंच जणू त्याच्या मनातलं ओळखून म्हणाला. "ते म्हणाले, नुसता विचार केला म्हणून माणूस धरता येत नाही. आधी काहीतरी घडू द्या. आता काय घडू द्यायचं?"

"मी समजावून सांगतो ना. ती माती म्हणजे..." पण एव्हाना कॅफेतली मंडळी कुंपणापाशी येऊन उभी होती, आणि जे सांगायचं होतं ते रेजिसने आजवर बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. तो गप्प झाला. त्याचं गप्प होणं सगळ्यांनी पाहिलं आणि माना हलवल्या.

मादाम देल्पेरू काठी टेकत आल्या. ऐंशीच्या घरातल्या, चिमणीएवढ्या. त्यांनी रेजिसला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "राहू दे याला याच घरात. गावाच्या नजरेसमोर तरी राहील. सुऱ्या तेवढ्या मी घेऊन जाते."

अशा रीतीने रेजिसला ते घर आतून तपासायला मिळालं. छत कोरडं ठणठणीत. तळघर कोरडं. पलंग करकरत नव्हता. बाईंनी फोनवर सांगितलेला शब्द न् शब्द खरा निघाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखादी तपासणी अशी तोंडावर आपटल्यामुळे त्याला भयंकर अपमान वाटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅक्सी थांबली. ओदिल उतरली ती कमरेवर हात ठेवूनच. फाटकाबाहेर सगळं गाव जमलं होतं.

"कुठाय ती?"

"कोण?" रेजिसने विचारलं.

"तू तोंड उघडू नकोस. ती एकटी असणारी. देल्पेरू."

"मीच ती, पोरी," मादाम देल्पेरू खुर्चीतून म्हणाल्या.

ओदिलने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या काठीकडे, पायातल्या लोकरी सपातांकडे. मग नवऱ्याकडे पाहिलं. "ही?"

"मादाम, तुम्ही भलतंच समजताय," सरपंच मध्ये पडला. "तसलं काही नाही. यांना फक्त तुम्हाला मारून विहिरीत टाकायचंय."

ओदिल खाली बसली. सरपंचाने एकेक प्रश्न तिला ऐकवला. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

"माती कशाला विचारलीस, रेजिस?"

"तुझ्या खुर्चीसाठी," रेजिस बुटांकडे बघत म्हणाला. "मऊ असेल तर पाय रुततात तिचे. तिरकं बसून तुझी कंबर धरते."

"आणि आवाज?"

"सकाळी बाहेर खुट्ट झालं तरी तू जागी होतेस. दुकान उघडायचंय असं वाटतं तुला अजून. आणि मी घोरतो. एकाच्या खोलीतलं दुसऱ्याला ऐकू न आलं तर बरं, म्हणून ओरडण्याचं विचारलं."

"आणि विहीर?"

"खोल विहिरीचं पाणी गार असतं. तुझे पाय सुजतात ना संध्याकाळी. वाटलं, बादलीत घालून बसशील."

कुंपणापाशी कुणीतरी नाक शिंकरलं. कॅफेवाली होती. मादाम देल्पेरू एकदम उठल्या, "मी सुऱ्या परत आणते," म्हणाल्या आणि लगबगीने गेल्या.

"मग मला विचारलं का नाहीस गाढवा?" ओदिल म्हणाली. "राँसचं खोटं कशाला सांगितलंस?"

"तू म्हणाली होतीस, छळायचं नाही."

ओदिल हसेल की रडेल ते कुणालाच कळेना, तिलाही नसावं कळलं. तिने बूट काढले. "पाणी काढ," ती म्हणाली.

ऑगस्टपर्यंत थांबायचं काही कारणच उरलं नाही. घर रिकामं होतं, बायको आलेली होती, आणि सरपंचाला ट्रॅक्टर मागे घ्यायची घाई नव्हती. कपडे नव्हते तर कॅफेवालीने आपला झगा दिला. रेजिसला सरपंचाची जुनी पाटलोण मिळाली, तिच्यात तो दोनदा मावत होता.

पण एकदा मनात शिरलेला संशय गावातून असा सहजासहजी निघत नाही. सकाळी बेकरीवाला पाव घेऊन यायचा आणि ओदिल दिसल्याशिवाय हलायचा नाही. कॅफेवाली सूप आणायची. सरपंच तर दिवसातून कितीदा यायचा. कधी चीज, कधी अंडी, कधी नुसतंच, "मादाम आहेत ना?" ओदिलने खिडकीतून हात हलवला की तो सुटकेचा श्वास टाकायचा. उठायला जितका उशीर तितका नाश्ता मोठा, हे ओदिलच्या लवकरच लक्षात आलं.

"थांब, अजून दिसत नाही मी," ती पांघरुणातून कुजबुजायची. "डुकराच्या मांसाचं पातेलं येऊ दे."

तिने त्या आठवड्यात एकही बटाटा सोलला नाही.

निघायच्या आदल्या दुपारी सरपंच चेरीची टोपली घेऊन आला. रेजिस दारात एकटाच बसला होता.

"मादाम कुठायत?"

"आत असेल."

आत नव्हती. वर नव्हती. हाका मारल्या, ओ आली नाही. सरपंचाने टोपली हळूच खाली ठेवली आणि रेजिसकडे पाहिलं. रेजिसचा चेहरा पांढरा पडला होता. दोघेही एकदमच घराच्या मागे धावले. सरपंचाने विहिरीचं झाकण पाहिलं, ते जागच्या जागी होतं. मग कुंपणापलीकडच्या उतारावर रेजिसला झगा दिसला.

अक्रोडाच्या झाडाखाली, गवतात, ओदिल आडवी पसरली होती. तोंड उघडं, एक हात पोटावर. शेजारच्या शेतात गवत कापायचं यंत्र घरघरत होतं. झोपायला घोरणाऱ्या नवऱ्यापासून लांब गेलेली ही बाई स्वतः अशी घोरत होती की गाई मान वर करून बघत होत्या.

दोघे पुरुष श्वास रोखून उभे राहिले. सरपंचाने टोपी काढली.

"उठवू नका," तो कुजबुजला. "दमल्यात बिचाऱ्या." आणि मग, जरा अवघडून, "पण घोरणं त्यांचंच आहे ना, यंत्राचा आवाज नाही ना, तेवढं एकदा वाकून बघता का?"

रेजिस गुडघ्यावर बसला, कान तिच्या तोंडाजवळ नेला आणि बराच वेळ तसाच ऐकत राहिला.